सात किलोंचा संसार



मागच्या अंकात बर्फ उपसण्याच्या शास्त्रावर आम्ही जे तारे तोडले होते, त्यानंतर बऱ्याच वाचकांनी फोन करून आमच्या कंबरेची चौकशी केली. कंबर ठीक आहे. इतकी ठीक, की २०२४ च्या डिसेंबरात तिनं पाठीवरची सात किलोंची पिशवी विनातक्रार वाहिली. त्याचीच हकिगत आज सांगायची आहे. पण आधी थोडं वजनाबद्दल.

आपण परदेशस्थ मंडळी भारतात जातो ती माणसं म्हणून नव्हे, बॅगा म्हणून जातो. माणशी दोन, प्रत्येकी तेवीस किलो. आम्ही तिघं, म्हणजे सहा बॅगा आणि एकशे अडतीस किलो. जाताना बदाम, चॉकलेटं आणि कोणाकोणाच्या गुडघ्यांसाठी गोळ्या. येताना भाजणी, मेतकूट, लोणच्याच्या बरण्यांना गुंडाळलेले टॉवेल, आणि बॅगा जोखायचा तो हुकाचा काटा, जो प्रत्येक वेळी साडेतेवीस दाखवून सौ.चा आणि आमचा घटस्फोट घडवण्याच्या बेतात असतो. २००३ साली आम्ही एम.एस. करायला निघालो तेव्हा एकेका बॅगेत बत्तीस किलो न्यायची मुभा होती. आईनं कुकर, पोळपाट-लाटणं, दोन किलो भडंग आणि एक पातळसर रजई भरून ती मुभा शेवटच्या ग्रॅमपर्यंत वसूल केली होती.

या खेपेला मात्र बॅगांचा हिशेब वेगळा होता. आई जाऊन वर्ष झालं. सांगलीचं घर विकायचं ठरलं. बाबा तर आधीच गेलेले, घराला कुलूप, आणि भिंतीतून पिंपळ उगवायला लागलेला. बारा दिवस आम्ही कपाटं उपसत होतो. चाळीस वर्षांचा संसार एकशे अडतीस किलोंत बसवायचा म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. ज्यांना अजून करायचंय, त्यांना आत्ता सांगून उपयोग नाही.

शेवटी देवघर राहिलं. कुळाचे टाक चुलतभावानं नेले, ते योग्यच झालं. पितळेचा एक रांगता बाळकृष्ण तेवढा त्यानं परत आमच्या हातात ठेवला. म्हणाला, "हा काकूंनी माहेराहून आणलेला. आमच्या देव्हाऱ्यातला नव्हे. तू ने." अंगठ्याएवढा देव. एका हातात लोण्याचा गोळा, नाक आईच्या रोजच्या पुसण्यानं झिजून गेलेलं. आम्ही देवभोळे नाही. पाण्याचे पाइप आणि पंप यांवर पोट भरणारे साधे इंजिनिअर. पण तो बाळकृष्ण मोठ्या बॅगेत टाकायला हात होईना. आईच्या जुन्या सुती पातळाच्या तुकड्यात गुंडाळून आम्ही तो खिशात ठेवला.

आता कन्येचं. वय सतरा. मराठी सगळं कळतं, बोलते ते आपल्या हायवेसारखं, मधेमधे काम चालू. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या सभेत आरत्यांचं पुस्तक रोमन लिपीत छापावं असा प्रस्ताव आला होता, तो मांडणाऱ्या मुलांत ही होती. दोन तास वादावादी झाली. आम्ही विरोधात हात वर केला. नुसता हात नाही, भाषणही ठोकलं, की लिपी गेली की भाषा जाते आणि भाषा गेली की सगळंच जातं. टाळ्याही मिळाल्या. प्रस्ताव पडला. त्यानंतरच्या गणपतीला कन्या आली नाही, आणि २०२४ च्या गणपतीलाही आली नाही. अभ्यास आहे म्हणाली. आम्ही ते मान्य केलं, कारण न मानलं तर पुढचं ऐकावं लागलं असतं.

तर अशी ही कन्या सांगलीत दहाव्या दिवशी, एका आत्याकडून दुसऱ्या मामाकडे जाताना रिक्षात म्हणाली, "बाबा, परत जाताना चार दिवस अशा जागी जाऊ या का, जिथे आपला एकही नातेवाईक नाही?"

मागणी रास्त होती. परतीची तिकिटं बँकॉकमार्गेच होती. अट तिची एकच. मोठ्या बॅगा बँकॉकच्या विमानतळावर ठेवायच्या, पाठीवर माणशी एक पिशवी, सात किलो, बस्स. हॉटेल नको, टूर नको, आणि आमची ती तासातासाचा हिशेब मांडलेली छापील कागदं तर मुळीच नकोत. तिनं नकाशावर बोट ठेवलं ते लाओस देशाच्या दक्षिण टोकाला, मेकाँग नदीच्या काठी, चंपासक नावाच्या गावावर. लाओसला जाणारे बहुतेक लोक उत्तरेकडे लुआंग प्रबांगला जातात. म्हणून तिथे नाही, इथे. नाव ऐकून सौ. मात्र चमकली. तिनं संस्कृत घेऊन बी.ए. केलंय. ते लग्नानंतर कामी येण्याची ही पहिलीच वेळ असावी. म्हणाली, "अहो, तिथे वाट फू आहे. चला."

बँकॉकहून रात्रीच्या गाडीनं उबोन राचाथानीला निघालो. पावणेसहाशे किलोमीटर, शयनयान, रेल्वेचा माणूस येऊन पांढऱ्या चादरी घालून देतो. सकाळी उबोन. तिथून व्हॅननं छोंग मेकच्या नाक्यावर, आणि तिथे एका भुयारी रस्त्यानं चालत थायलंडमधून लाओसात. आयुष्यात इतक्या सरहद्दी ओलांडल्या, पण पाठीवर पिशवी घेऊन पायी ओलांडलेली ही पहिलीच. व्हिसा तिथेच मिळाला. पलीकडे पैसे मोडायला गेलो. आम्ही गेलो तेव्हा एका डॉलरला एकवीस हजारांच्या वर किप मिळत होते. शंभर डॉलर दिले आणि एकवीस लाखांचे धनी झालो. एवढी श्रीमंती आम्हाला अमेरिकेनं वीस वर्षांत दिली नाही.

नाक्यावरून पाक्से हे मोठं शहर पंचेचाळीस किलोमीटरवर. फ्रेंचांनी ते १९०५ साली वसवलं. तिथून चंपासकला 'सोंगथेव' जाते. सोंगथेव म्हणजे शब्दशः 'दोन ओळी'. छोट्या ट्रकच्या मागे समोरासमोर दोन बाकडी, आणि भरल्याशिवाय हलायचं नाही. सांगलीकरांना सांगायचं तर, वडाप! तांदळाचं पोतं, दोन कोंबड्या, एक शाळकरी पोरगी, बर्फाची लादी आणि आम्ही. टपावर आणखी एक मोटरसायकल. सौ. म्हणाली, "इथे नातेवाईक नाहीत असं कोण म्हणालं?"

चंपासक म्हणजे एक रस्ता. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला भातखाचरं, मधे लाकडी घरं, तीन-चार विहार, आणि फ्रेंच अमलातल्या काही जुन्या इमारती. एकेकाळी ही राजधानी होती. १७१३ साली स्थापन झालेल्या चंपासकच्या राज्याची गादी इथे होती, यावर आज विश्वास बसत नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रीसुद्धा झोपलेली. आमचं गेस्ट हाउस नदीकाठी. तीन खाटा, मच्छरदाणी, पंखा, आणि पाण्यावर ओणवलेला एक लाकडी सज्जा. मालकीणबाई साठीच्या. त्यांना इंग्रजीचे वीसेक शब्द येत होते, आम्हाला लाओचे तीन. 'साबायदी' म्हणजे नमस्कार, 'खोप चाय' म्हणजे आभार, आणि 'बो पेन न्यांग' म्हणजे असू दे, काही बिघडत नाही. या तिनांवर चार दिवस निघतात. तिसऱ्या शब्दावर तर तो देश चालतो असं वाटतं.

वयस्कर बाईला तिथे 'मे' म्हणतात. मे म्हणजे आई. नदीला म्हणतात 'मे नाम', म्हणजे पाण्याची आई. कृष्णामाई म्हणत वाढलेल्या आम्हाला हे समजायला दुभाषा लागला नाही. कन्येनं बाईंना पहिल्या तासापासून 'मे' म्हणायला सुरुवात केली. सांगलीत एवढ्या काकवा-आत्यांना नमस्कार करताना जिचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा होता, ती इथे चुलीपाशी पाटावर बसून भाताची टोपली उघडत होती.

हा भात म्हणजे 'खाओ न्याव'. चिकट तांदूळ रात्रभर भिजवून वाफवायचा आणि बांबूच्या छोट्या टोपलीतून वाढायचा. हातानं गोळी करायची, तिखट चटणीत बुडवायची, तोंडात टाकायची. काटे-चमचे नाहीत. सौ. मालवणची, त्यामुळे मेकाँगच्या भाजलेल्या माशापुढे तिची आणि मे-बाईंची मैत्री शब्दांवाचून जमली. शुद्ध शाकाहारी वाचकांनी मात्र आधीच सांगून ठेवावं, कारण पपईच्या कोशिंबिरीतसुद्धा माशाचं पाणी असतं. आमच्या पिशवीत सांगलीच्या भडंगाची एक पुडी होती. ती आम्ही पुढे केली. बाईंनी एक घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी पुडी स्वतःकडे ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही काहीही केलं नाही. हे वाक्य लिहायला सोपं आहे. आमच्यासारख्याला ते करायला दुपारचे दोन वाजले. पहाटे भगवी वस्त्रं पांघरलेले भिक्षू एका ओळीत रस्त्यानं गेले. दारोदारच्या बायका गुडघ्यांवर बसून त्यांच्या पात्रात भाताची एकेक मूठ घालत होत्या. आम्हाला आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेली माधुकरी आठवली. मग बोलव्हेनच्या पठारावरची कॉफी प्यालो. तळाशी दोन बोटं दाट गोड दूध, वर काळीभोर कॉफी. मग नदीकडे पाहत बसलो. नऊ वाजता आम्ही घड्याळ पाहिलं. सव्वानऊला पुन्हा पाहिलं. दहाला नदीचा प्रवाह किती असावा याचं गणित मनात मांडलं. कन्या म्हणाली, "बाबा, नदीला मीटर नका लावू." दोननंतर केव्हातरी आम्ही सज्ज्यातच झोपलो. उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि आई गेल्यापासून प्रथमच आम्हाला कोणाला फोन करायचा राहिलाय असं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सायकली भाड्यानं घेऊन वाट फूला निघालो. आठ-दहा किलोमीटर, सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना भाताच्या कापणीनंतरची खुंटं. समोर फू काओ डोंगर. त्याच्या माथ्यावर निसर्गतःच एक सुळका आहे, शिवलिंगासारखा. जुन्या लेखांत या डोंगराचं नाव आहे लिंगपर्वत. देऊळ त्याच्या उतारावर. आज दिसतं ते बांधकाम बहुतांशी अकराव्या ते तेराव्या शतकातलं, ख्मेर राजांच्या काळचं, म्हणजे ज्यांनी अंगकोर बांधलं त्यांचं. पण जागेचं पावित्र्य त्याहून पुष्कळ जुनं. २००१ साली युनेस्कोनं हे जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. आपलं भारतीय पुरातत्त्व खातंही तिथल्या जीर्णोद्धाराच्या कामात आहे. अंगकोरला असते तशी गर्दी मात्र इथे नाही. आम्ही होतो तेव्हा सगळी मिळून तीसेक माणसं असतील, आणि त्यातली निम्मी फुलं घेऊन आलेली गावकरी.

खाली दोन मोठे तलाव, मधून दगडी खांबांच्या दुतर्फा ओळींतून जाणारी वाट, मग चढण. पायऱ्या इतक्या उंच आणि वाकड्या, की आमची कंबर इथे प्रथमच बोलली. आणि त्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी वाकलेले जुने चाफे! पांढरा चाफा, आपल्या देवळांत असतो तोच. लाओ भाषेत 'डोक चंपा', म्हणजे चंपाचं फूल. हेच त्यांचं राष्ट्रीय फूल. सौ. एका पायरीवर बसली. म्हणाली, "अहो, हा तर आपल्या घाटावरचा."

वर गाभारा. चौकटीवर तीन सोंडांच्या ऐरावतावर बसलेला इंद्र, गरुडावरचा विष्णू, कंसाला मारणारा कृष्ण. आत मात्र शिवलिंग नाही, बुद्धाच्या मूर्ती आहेत. पुढ्यात उदबत्त्या, झेंडू, केळीच्या पानांचे शंकू. आणि गाभाऱ्यामागे उभ्या कड्यातून एक झरा येतो. आता इथे आमच्यातला इंजिनिअर जागा झाला, वाचकांनी क्षमा करावी. त्या काळच्या लोकांनी हे झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीतून उतारानं आणून थेट गाभाऱ्याच्या पाठच्या भिंतीतून आत घेतलं होतं, अशा बेतानं की लिंगावर अहोरात्र अभिषेक व्हावा. पंप नाही, झडप नाही, माणूसही नाही. डोंगर आणि उतार एवढ्यावर चालणारी योजना. आमच्या कंपनीत आम्ही पंपाला पंचवीस वर्षांची हमी देताना दहा वेळा विचार करतो. पन्हळ आता तुटलीय, लिंग गेलंय. झरा वाहतोच आहे.

तिथेच सावलीत बसून सौ.नं देवानीकाची गोष्ट सांगितली. पाचव्या शतकात, म्हणजे हे देऊळ बांधण्याच्या पाच-सहाशे वर्षं आधी, इथे नदीकाठी एक नगर होतं. तिथे एक संस्कृत शिलालेख सापडला. जॉर्ज सेदेस या फ्रेंच पंडितानं तो १९५६ साली प्रसिद्ध केला. त्यात महाराजाधिराज देवानीक या राजाची कीर्ती आहे. धर्मात युधिष्ठिरासारखा, पराक्रमात अर्जुनासारखा, वगैरे. हा राजा दूरदेशाहून आला, लिंगपर्वताच्या कृपेनं त्याला राज्य मिळालं. आणि त्यानं इथे एक तीर्थ स्थापन केलं. त्याचं नाव ठेवलं कुरुक्षेत्र. जुन्या कुरुक्षेत्राला जे पुण्य मिळतं ते इथेही मिळावं, म्हणून.

कन्येनं पाण्याची बाटली खाली ठेवली. "म्हणजे खरं कुरुक्षेत्र दुसरीकडे होतं?"

"हरयाणात. इथून सरळ रेषेत मोजलं तरी तीन हजार किलोमीटरच्या वर."

"मग यानं इथल्याच पाण्याला ते नाव दिलं? असंच?"

"असंच."

"आणि कोणी म्हणालं नाही की हे खोटं आहे म्हणून?"

सौ.नं आमच्याकडे पाहिलं. आम्ही कड्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर आम्हाला त्या क्षणी मंडळाचा हॉल दिसत होता. भाड्याचा, वर बास्केटबॉलचे रिंग लटकणारा. त्याला आपण गणपतीचे पाच दिवस 'शनिवारवाडा' म्हणतो आणि मागच्या पार्किंगला 'घाट' म्हणतो, ते दिसत होतं. दूरदेशाहून आलेला माणूस दुसरं काय करणार? नावं बरोबर आणतो. ती सर्वांत हलकी. काट्यावर ठेवली तर किलोसुद्धा भरत नाहीत.

झऱ्यापाशी गावातल्या काही बायका बाटल्या भरून घेत होत्या, डोक्याला पाणी लावत होत्या. आम्हीही गेलो. सौ. हळूच म्हणाली, "अहो, त्याला बारा-पंधरा दिवसांत पाणी लागलं नाहीये." आम्ही खिशात हात घातला. पातळाचा तुकडा सोडला. बाळकृष्ण हातात घेतला आणि तसेच उभे राहिलो. आईला पुढचं सगळं पाठ होतं. आम्ही मराठीच्या रक्षणार्थ दोन वर्षांपूर्वी भाषण ठोकलेले गृहस्थ, आम्हाला पहिल्या ओळीपुढे काही आठवेना.

कन्येनं तो आमच्या हातातून घेतला. पाण्याच्या धारेखाली धरला. झिजलेल्या नाकावरून अंगठा फिरवला, हुबेहूब आई फिरवायची तसा. हे हिनं कधी पाहिलं? आजीच्या शेजारी बसून, उन्हाळ्याच्या सुट्टीत, सहा-सात वर्षांची असताना पाहिलं असणार. तेव्हा आम्ही हॉलमध्ये बसून टीव्हीवर क्रिकेट बघत होतो. मग तिनं काहीतरी पुटपुटलं. आरतीच्या दोन ओळी, चाल बरोबर, शब्द निम्मे स्वतःचे. शेजारच्या एका बाईनं आपल्या फुलांतलं एक चाफ्याचं फूल काढून तिच्या हातावर ठेवलं. देव कोणता, भाषा कोणती, काही विचारलं नाही. आमच्या चष्म्यावर झऱ्याचं पाणी उडालं होतं, असं आम्ही तेव्हा म्हणालो.

संध्याकाळी सज्ज्यात आम्ही तिला सरळ विचारलं, "तू गणपतीला का येत नाहीस?" तिनं थोडा वेळ घेतला. मग इंग्रजीत म्हणाली, त्याचं मराठी आम्ही करतो: "मला आरती म्हणायची होती. मला वाचता येत नव्हतं म्हणून मी ते पुस्तक मागितलं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात की आमच्यामुळे सगळं जाणार. मग मी विचार केला, मी नाही आले तर निदान माझ्यामुळे तरी जाणार नाही."

आम्ही गप्प. मे-बाई आतून भाताची टोपली घेऊन आल्या, आमच्या तिघांचे चेहरे पाहिले, आणि टोपली मधे ठेवून म्हणाल्या, "बो पेन न्यांग."

आता मंडळी, आम्ही इतके भाबडे नाही की एका झऱ्यावरून सगळं आलबेल आहे असं म्हणू. हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. देवानीकाचं संस्कृत आज त्या गावात कोणाला येत नाही. त्याचं कुरुक्षेत्र हे नाव तिथल्या शाळकरी पोराला माहीत असेल असं वाटत नाही. शिव गेला, बुद्ध आला. आमच्या भाषणातलं निम्मं खरंच होतं, की भाषा गेली की पुष्कळ जातं. आणि उरलं ते काय? डोंगर चढून फुलं वाहण्याची सवय. झऱ्याचं पाणी डोक्याला लावणं. भाषेला ते 'फासा' म्हणतात, आहाराला 'आहान', गुरूला 'खू', हे असे झिजून गुळगुळीत झालेले शब्द, आईच्या बाळकृष्णाच्या नाकासारखे. रामायणही त्यांच्याकडे आहे, नाव 'फ्रा लक फ्रा लाम', आणि त्यात लक्ष्मणाचं नाव आधी! आपल्याला ते मोडकं वाटेल. त्यांना ते त्यांचं वाटतं. पंधराशे वर्षं टिकलं ते जसंच्या तसं ठेवलेलं नव्हे. हाताळलेलं टिकलं.

आता आमचं जाहीर निवेदन. येत्या सर्वसाधारण सभेत आरत्यांच्या पुस्तकाचा प्रस्ताव पुन्हा मांडावा, डाव्या पानावर देवनागरी आणि उजव्या पानावर रोमन. मांडणारे आम्ही. अनुमोदनाला कन्या येणार आहे. दोन वर्षांपूर्वी ज्यांनी आमच्या भाषणाला टाळ्या वाजवल्या, त्यांनी त्या परत घेतल्या तरी चालतील. देवनागरीचा रविवारचा वर्ग सौ. चालवतेच आहे, तो चालूच राहील. पण अक्षर येईपर्यंत मुलांना दाराबाहेर उभं करायचं नाही, एवढंच.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा थंड आणि कोरडी असते. बँकॉकहून उबोनला रात्रीची गाडी आहे, विमानही आहे. व्हिसाचे नियम निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत, आणि डॉलरच्या नोटा कोऱ्या करकरीत न्याव्यात. वाट फूला सकाळी लवकर निघावं, डोक्याला टोपी, पायात चांगली पकड असलेले बूट, खांदे आणि गुडघे झाकलेले. साधारण फेब्रुवारीच्या पौर्णिमेला तिथे मोठी जत्रा भरते, गर्दीची आवड असेल त्यांनी तेव्हा जावं. दोन रात्री पुरतात, चार असल्या तर उत्तम. आणि पिशवी सात किलोंची. खरंच, त्याहून जास्त लागत नाही. भडंगाची पुडी मात्र दोन न्याव्यात.

परत आल्यावर एक गंमत झाली. कन्येनं तो वाळलेला चाफा वहीत ठेवला होता. त्याची माहिती शोधता शोधता तिला कळलं, की हा पांढरा चाफा मुळात ना आपला, ना लाओसचा. तो अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातला. तिकडून कधीतरी आपल्याकडे आला आणि देवळाच्या अंगणात असा रुजला, की तो परका आहे हे आजीलाही कधी कळलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, या वेळी मराठीत, "म्हणजे तो माझ्या साइडचा आहे!"

बाळकृष्ण सध्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. रोज पाणी लागतं असं नाही. शनिवारी लागतं. कोण लावतं ते आम्ही विचारत नाही.

पुढच्या अंकात भेटूच.